बाळाची लस उपकेंद्रात घ्यावी की खाजगी दवाखान्यात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावात राहणाऱ्या एका घरात बाळ आता सहा आठवड्यांचं होतंय. आशाताई म्हणतात, उपकेंद्रात या. शेजारचे म्हणतात, सरकारी लस हलकी असते, ताप येतो, बालरोगतज्ज्ञांकडे जा. खाजगीत एका भेटीला काही हजार रुपये सांगितलेत. मग दर्जा नेमका कुठे चांगला?

माझं उत्तर आधीच सांगतो. पहिल्या दोन वर्षांतल्या मूळ लसींसाठी नीट चालणारं सरकारी केंद्र खाजगी दवाखान्यापेक्षा कमी नाही, आणि लस थंड ठेवण्याच्या बाबतीत तर बहुतेक ठिकाणी ते सरसच आहे. काही लसी मात्र सरकारी यादीत नाहीतच. त्या परवडत असतील तर खाजगीत घ्याव्यात. म्हणून इमारत बघून निवड करू नका, एकेक लस धरून निवड करा.

आधी ‘हलकी लस’ हा गैरसमज. क्षयरोगाची बीसीजी, पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट, गोवर-रुबेला या लसी बनवणारा देशातला सगळ्यात मोठा कारखाना पुण्यात हडपसरला आहे, आणि त्याच कंपनीच्या लसी सरकारी पुरवठ्यातही जातात, औषधांच्या दुकानातही. कोणत्याही लसीची खेप कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेतून मंजूर झाल्याशिवाय वापरात येत नाही, मग ती फुकट वाटायची असो की विकायची. सरकारी लस तुम्हाला फुकट मिळते कारण तिचे पैसे सरकारने भरलेले असतात.

कारखान्यातून निघताना लस चांगलीच असते. ती बिघडते वाटेत आणि साठवणीत. त्यामुळे दर्जाची खरी परीक्षा शीतसाखळीची, म्हणजे कारखान्यापासून बाळापर्यंत लस थंड ठेवण्याच्या व्यवस्थेची. जवळपास सगळ्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात. उष्णतेने सगळ्यात आधी तोंडावाटे द्यायची पोलिओ लस खराब होते, गोवर-रुबेलाही नाजूक. उलट पेंटाव्हॅलंट, हेपटायटिस बी, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची), न्यूमोनियाची न्यूमोकोकल आणि इंजेक्शनची पोलिओ लस गोठली की संपली. गोठून पुन्हा वितळलेली लस वरवर पाहून ओळखता येईलच असं नाही, पण तिचा उपयोग गेलेला असतो आणि टोचल्या जागी त्रासही जास्त होतो. आपल्याकडे सगळे उन्हाची काळजी करतात. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला टेकलेल्या पेंटाव्हॅलंटच्या बाटलीकडे कुणी बघत नाही, आणि तो धोका उन्हाइतकाच मोठा आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या खास फ्रीजमध्ये असते. वरून उघडणारी ही पेटी असते, त्यामुळे झाकण काढलं तरी थंड हवा तळाशीच राहते. भिंतींमध्ये बर्फाचं अस्तर असल्याने दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी आतलं तापमान टिकतं. भारनियमनाच्या गावांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. गोठण्याची भीती असलेल्या लसी वरच्या जाळीच्या टोपलीत, पोलिओ आणि गोवर-रुबेला खाली. तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. शिवाय ई-विन या सरकारच्या ऑनलाइन देखरेख यंत्रणेत तापमान मोजणारा लॉगर बसवलेला असतो. तापमान हद्दीबाहेर गेलं की संबंधितांच्या मोबाइलवर संदेश जातो. तिथून लस उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत जाते ती चार आइसपॅक घातलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून. हे आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढल्या काढल्या भरायचे नसतात. बाहेर ठेवून वरून पाणी सुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचं, मगच भरायचे. ही घाई झाली की कॅरिअरच्या भिंतीला लागलेली बाटली गोठते. सरकारी साखळीत सगळ्यात जास्त चूक होते ती याच टप्प्यावर, कारण सत्राला निघायची गडबड सकाळचीच असते.

तुम्हाला स्वतःला तपासता येईल अशी एक खूण सरकारी बाटलीवर असते, व्हीव्हीएम (व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर). एक गोल, त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चालेल. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर ती बाटली टाकून द्यायची. द्रव लसींवर ही खूण लेबलवर असते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या पावडरच्या बाटल्यांवर ती झाकणाकडे असते, कारण त्या एकदा द्रव मिसळून कालवल्या की खुणेचं काम संपतं. “सिस्टर, बाटली जरा दाखवता का?” असं विचारायला संकोच करू नका. चांगल्या सिस्टर स्वतःहून दाखवतात. फक्त एवढं ध्यानात ठेवा की व्हीव्हीएम उष्णता सांगतं, गोठणं सांगत नाही.

खाजगीकडे पुष्कळ लसींवर ही खूण नसते. तिथे तुमचा भरवसा डॉक्टरांच्या फ्रीजवर. काही बालरोगतज्ज्ञ खास लसींचा फ्रीज, आत थर्मामीटर, भिंतीवर तापमानाचा तक्ता, इन्व्हर्टर असं सगळं उत्तम ठेवतात. काहींकडे घरगुती फ्रीज असतो, दारातल्या कप्प्यात लसी, खाली पाण्याच्या बाटल्या, कधी डबाही. दार उघडलं की दारातल्या कप्प्याचं तापमान झटकन चढतं, म्हणून तिथे लस ठेवायचीच नसते. फ्रीज कोणता आहे, तापमान लिहिता का, रात्री वीज गेली तर काय करता, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. ज्यांची व्यवस्था चोख आहे ते आनंदाने दाखवतात.

याहून वाईट म्हणजे ‘समोरच्या मेडिकलमधून लस घेऊन या’ हा प्रकार. दुकानदार प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे आणि त्यातच लसीचं खोकं घालून देतो. खडे थेट काचेला लागले तर लस गोठू शकते, वाटेत कुठे काम निघालं तर तापते, आणि आधी दुकानात ती कशी होती ते देवाला ठाऊक. कितीही नावाजलेल्या कंपनीची असली तरी अशी आणलेली लस मी बाळाला टोचायला सांगणार नाही. लस डॉक्टरांच्या स्वतःच्या फ्रीजमधली असावी.

सुईचं बोलायचं तर सरकारी केंद्रात एडी सिरिंज असते. एकदा दट्ट्या दाबला की तो पुन्हा मागे ओढताच येत नाही, म्हणजे दुसऱ्या मुलाला तीच सिरिंज वापरणं शक्यच नाही. टोचून झाल्यावर सुई हब कटरमध्ये कापली जाते. खाजगीत साधी डिस्पोजेबल किंवा आधीच भरून आलेली सिरिंज असते. तुमच्या डोळ्यांसमोर पाकीट फोडलं की तीही सुरक्षितच.

आता सरकारी केंद्राबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार: ‘आज नाही, बुधवारी या.’ याच्या मुळाशी बाटली आहे. खाजगीतली बाटली बहुतेक एका डोसची, सरकारी बाटली अनेक डोसांची. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, न्यूमोकोकल, डीपीटीची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली आणि उघडल्याची तारीख लिहिली तर २८ दिवसांपर्यंत चालते. बीसीजी आणि गोवर-रुबेला मात्र कालवल्यापासून चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. या लसींमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं द्रव्य नसतं, आणि जुनी बाटली वापरली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून सिस्टर मुलं जमायची वाट बघतात. पण नियम वाट बघायला सांगत नाही. सत्राला एकच मूल आलं तरी बाटली उघडावी, वाया गेलेले डोस चालतील पण मूल परत जाऊ नये, अशी स्पष्ट सूचना आहे. ठरलेल्या सत्राच्या दिवशी गेलात आणि ‘मुलं कमी आहेत’ म्हणून परत पाठवलं, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांशी जरूर बोला. आणि कालवलेल्या बाटलीवर वेळ लिहिलेली आहे का तेही बघा. वेळ नसेल तर ती बाटली नाकारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

माणसांच्या चुका दोन्हीकडे होतात, आणि त्या फार गंभीर होऊ शकतात. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पल्स पोलिओच्या दिवशी १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हातावर लावायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, पण बाटलीचं लेबल वाचणं ही एकच गोष्ट चुकली होती. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत कांदिवलीच्या एका सोसायटीत खाजगी शिबिर भरलं. सुमारे ३९० जणांनी पैसे मोजून करोनाची लस म्हणून भलतंच काही टोचून घेतलं. प्रमाणपत्रं नंतर आली, तीही वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाची. दोन्ही घटनांवरून पालकांनी घ्यायची खबरदारी एकच आहे: टोचण्याआधी बाटली हातात घेऊन किंवा जवळून लेबलवरचं नाव आणि मुदत वाचा, आणि नोंद तिथल्या तिथे करून घ्या.

आता तुमच्या बाळाच्या या भेटीबद्दल. सहा आठवड्यांना सरकारी केंद्रात पोलिओचे दोन थेंब आणि जुलाबावरची रोटाव्हायरस लस तोंडावाटे, डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट ०.५ मिली, उजव्या मांडीत न्यूमोकोकल ०.५ मिली, आणि उजव्या दंडावर कातडीत पोलिओची ०.१ मिली. म्हणजे तीन सुया. दंडावर छोटा फुगवटा यायला हवा, तो आला म्हणजे सुई बरोबर कातडीत गेली. खाजगीत हेक्झाव्हॅलंट नावाच्या एकाच इंजेक्शनात पेंटाव्हॅलंट आणि पोलिओ दोन्ही येतात, म्हणून दोन सुयांत काम होतं. संरक्षण साधारण त्याच रोगांपासून. दहा आठवड्यांना सरकारी केंद्रात एकच सुई असते, न्यूमोकोकल नसते. ‘सिस्टर विसरल्या’ असं समजून काही पालक खाजगीत धावतात. विसरलेलं काही नसतं. सरकारी वेळापत्रकात ती लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या पद्धतींपैकी ती एक आहे.

ताप न येणारी, म्हणजे लोक जिला ‘पेनलेस’ म्हणतात ती लस महाग आहे, आणि तिने ताप, सूज, रडणं कमी होतं हे खरं. फरक तिच्यातल्या डांग्या खोकल्याच्या घटकाचा आहे. सरकारी लसीत त्या जंतूची पूर्ण पेशी असते, पेनलेसमध्ये फक्त निवडक प्रथिनं. पूर्ण पेशीच्या लसीने मिळणारं संरक्षण जास्त काळ टिकतं. म्हणजे एक-दोन दिवसांचा ताप टाळण्यासाठी तुम्ही जास्त पैसे देऊन थोडं कमी टिकणारं संरक्षण घेता. आधीच्या डोसनंतर फार त्रास झाला असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं तर पेनलेस योग्यच. पण तिला ‘वरच्या दर्जाची’ समजून कर्ज काढून घेऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

खाजगीचं खरं बळ आहे ते सरकारी यादीबाहेरच्या लसींमध्ये. परवडेल त्या क्रमाने माझी पसंती अशी. आधी टायफॉइडची काँज्युगेट लस, ती सहा महिन्यांनंतर देता येते आणि नळाच्या पाण्याचा भरवसा नसलेल्या गावात तिचा उपयोग मोठा. मग फ्लूची, सहा महिन्यांनंतर, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी. दमेकरी मूल असेल तर ही पहिली. त्यानंतर गालगुंडासाठी एमएमआर, आणि शेवटी कांजण्या व हेपटायटिस ए. नऊ महिन्यांची गोवर-रुबेला सरकारी केंद्रात घेऊन दीड वर्षाच्या सुमारास दुसरा डोस म्हणून खाजगीत एमएमआर घेता येते. त्यात गोवर-रुबेला असतेच. तसं केलं तर सिस्टरांना सांगून सरकारी कार्डावर नोंद करून घ्या, नाहीतर त्यांच्या ड्यू लिस्टमध्ये बाळ ‘बाकी’ दिसत राहील.

दोन्हीकडे थोडं थोडं घेताना चुका होतात त्या अशा. गोवर-रुबेला, एमएमआर, कांजण्या या जिवंत (दुबळे केलेले जंतू असलेल्या) लसींची इंजेक्शनं एक तर एकाच दिवशी द्यायची, नाहीतर मध्ये किमान चार आठवडे जाऊ द्यायचे. इकडे सोमवारी, तिकडे पुढच्या शनिवारी असं केलं तर दुसरी नीट लागू पडत नाही. रोटाव्हायरसच्या काही खाजगी लसी दोन डोसांच्या असतात, सरकारी तीन डोसांची. अदलाबदल झाली असेल तर एकूण तीन डोस पूर्ण करावेत. खाजगीत सगळं घेणाऱ्या मुलांचं जीवनसत्त्व अ हमखास राहून जातं. नऊ महिन्यांना १ लाख युनिट, मग दीड वर्षापासून दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट, पाच वर्षांपर्यंत. ते अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात फुकट मिळतं. पोलिओचे तोंडावाटेचे थेंबही राहतात. इंजेक्शनची पोलिओ लस बाळाला लकव्यापासून वाचवते, पण विषाणू आतड्यात वाढून इतरांपर्यंत पोचू नये म्हणून थेंब हवेत. त्यामुळे हेक्झाव्हॅलंट घेतली असली तरी पोलिओ रविवारी बाळाला बूथवर न्यायचंच.

नोंदीत दोघांचे दोष वेगळे आहेत. खाजगी फाइलवर लसीचं स्टिकर चिकटवतात, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. ही फार चांगली सवय. पण ती फाइल त्या दवाखान्यापुरती. सरकारी माता-बाल कार्डावर बहुतेक वेळा फक्त तारीख असते, मात्र नाव यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर चढतं आणि पुढची तारीख चुकली तर आशाताई दारात येतात. खाजगीत तारीख चुकली तर फार तर एक मेसेज येतो. ऊसतोडीला बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे जाणाऱ्या कुटुंबांसाठी हाच फरक निर्णायक ठरतो. तेच कार्ड घेऊन कुठल्याही सरकारी केंद्रात, कर्नाटकातसुद्धा, पुढचा डोस मिळतो, रहिवासी दाखला लागत नाही. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि सरकारी केंद्रातही बॅच क्रमांक कार्डावर लिहून मागा. सिस्टरांकडे तो असतोच.

सरकारी केंद्र कुठे कमी पडतं तेही स्पष्ट सांगायला हवं. गर्दी, बसायला जागा नसणं, मधूनच एखादी लस संपणं, आणि समजावून न सांगणं. कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचं, कार्ड जपून ठेवा, या चार गोष्टी प्रत्येक आईला सांगायच्या असतात. गर्दीत त्यातली तारीखच तेवढी सांगितली जाते. लस दिल्यावर अर्धा तास थांबवायचं असतं, तेही होत नाही. तुम्ही स्वतःहून थांबा. क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी बहुतेक या वेळातच दिसते, आणि तिच्यावरचं ॲड्रेनलिन हे इंजेक्शन केंद्रात असतं, घरी नसतं. खाजगीतही अर्धा तास थांबा. तिथे ‘ॲड्रेनलिन ठेवलंय ना?’ हे विचारून घ्या.

शेवटी तापाच्या औषधाचं, कारण घरी सगळ्यात धोकादायक चूक इथे होते. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांमध्ये किमान सहा तास, आणि ताप आला तरच. पाच किलोच्या बाळाला ५० ते ७५ मिग्रॅ. ड्रॉपरच्या छोट्या बाटलीत बहुधा एका मिलीत १०० मिग्रॅ असतं, म्हणजे अर्धा ते पाऊण मिली पुरे. मोठ्या बाटलीतल्या साध्या सिरपमध्ये पाच मिलीत १२५ मिग्रॅ, म्हणजे दोन ते तीन मिली. सिरपचं ‘अडीच मिली’ डोक्यात ठेवून ड्रॉपरच्या बाटलीतलं अडीच मिली दिलं तर बाळाच्या पोटात २५० मिग्रॅ जातं, हव्या त्याच्या तिप्पट ते पाचपट. बाटलीवरचा आकडा वाचा आणि किती मिली द्यायचं ते सिस्टरांकडून किंवा डॉक्टरांकडून कार्डावर लिहूनच घ्या. ताप दोन दिवसांवर गेला, बाळ तीन तास न थांबता रडलं, झटका आला, अंग सैल पडलं किंवा दूध तोडलं तर लगेच आरोग्य केंद्र गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा.

आणि सहा आठवड्यांची तारीख एखाद्या आठवड्याने पुढे गेली तर घाबरू नका. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. दोन डोसांमध्ये चार आठवड्यांपेक्षा कमी अंतर पडू देऊ नका, एवढंच.